'येऊन गेलाय' म्हणू नका!

एकदा झाला की परत होत नाही, असं आमच्या अण्णांचं स्वाइन फ्लूबद्दल ठाम मत होतं. व्हायरसचं मत वेगळं निघालं. पुणे-जिंतूर रात्रीच्या बसमध्ये सुरू झालेली ही गोष्ट तुमच्याही घरी घडू शकते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांचं वर्षाचं कॅलेंडर दोन सणांभोवती फिरतं. एक दिवाळी आणि दुसऱ्या महालक्ष्म्या. बाकीचा महाराष्ट्र त्यांना गौरी म्हणतो, आमच्या जिंतूरला त्या महालक्ष्म्याच. त्या बसल्या की घरचं प्रत्येक पोरगं घरी हजर पाहिजे. रिलीज असो, ऑडिट असो, बॉसचं तोंड वाकडं होवो, नो एक्स्क्यूज!

२०१७ चा ऑगस्ट. ऑफिसात अर्धी टीम खोकत होती. माझंही नाक गळत होतं, अंग कसकसत होतं. 'व्हायरल आहे यार, होईल बरं' म्हणत एक गोळी घेतली, बॅग भरली आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. बंद काचा, फुल्ल एसी, शेजारचा माणूस झोपेत माझ्या खांद्यावर. जालना, मंठा करत सकाळी जिंतूर. स्टँडवर अण्णा स्कूटर घेऊन उभे. नेहमीसारखं येलदरी धरणात यंदा पाणी किती, इथून सुरुवात. मग दोन दिवस पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, पाहुणे, गप्पा. आणि परत पुणे.

चौथ्या दिवशी आईचा फोन. "तुझ्या अण्णांना ताप आलाय. दवाखान्यात चला म्हणलं तर ऐकायलेच नाहीत."

मी अण्णांकडे फोन द्यायला सांगितला आणि स्वाइन फ्लूचं नाव काढलं. रिटायर्ड मास्तर हसले. "अरे, मला तो पंधरा सालीच येऊन गेलाय की! गोवर-कांजण्यासारखं असतंय ते. एकदा आला की परत येत नाही. तू कशाला घाबरायलास?"

लॉजिक एकदम चोख. २०१५ च्या साथीत अण्णांचा रिपोर्ट खरंच पॉझिटिव्ह आला होता. आठवडाभर झोपून ते ठणठणीत झाले होते. आणि खरं सांगू? मलाही ते पटलं. मी फोन ठेवला आणि मीटिंगला गेलो.

त्यात तीन दिवस गेले. अण्णांना शुगर आहे. चौथ्या रात्री धाप लागायला लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून चाळीसेक किलोमीटरवरच्या परभणीला नेलं, थेट आयसीयूत. घशातला नमुना बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेला. मी पुण्याहून जिंतूरला जे घेऊन गेलो असेन, ते असं परत पुण्याला आलं. रिपोर्ट: एच१एन१ पॉझिटिव्ह.

बारा दिवसांनी अण्णा घरी आले. माझी टेस्ट कधी झालीच नाही, त्यामुळे त्यांना ते माझ्याकडूनच मिळालं की पाहुण्यांपैकी कुणाकडून, हे कधीच कळणार नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. येऊन गेला होता ना? मग परत कसा आला?

कॉपी-पेस्टमधली चूक

उत्तर शोधायला व्हायरसच्या आत डोकवावं लागतं. फ्लूच्या व्हायरसचं सगळं 'सॉफ्टवेअर' म्हणजे आरएनएचे आठ तुकडे. सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. आपल्या एखाद्या बऱ्यापैकी लांब ई-मेलएवढा मजकूर! हा मजकूर आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीच्या यंत्रणेला कामाला लावून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो.

गंमत अशी की ही कॉपी काढणाऱ्या यंत्रात स्पेलचेक नाही. कोरोनाच्या व्हायरसकडे निदान थोडंफार प्रूफरीडिंग आहे. फ्लूकडे तेही नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत एखादी तरी चूक राहते. बहुतेक चुकांनी व्हायरसचंच नुकसान होतं. काहींनी काहीच फरक पडत नाही. पण लाखात एखादी चूक त्याच्या चांगलीच पथ्यावर पडते.

ती कशी? फ्लूच्या व्हायरसवर खिळ्यांसारखी दोन प्रकारची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. एच१एन१ मधले 'एच' आणि 'एन' ते हेच. हिमॅग्लुटिनिन ही आपल्या पेशीत शिरायची चावी, न्यूरामिनिडेज बाहेर पडायची. एकदा फ्लू होऊन गेला की आपल्या शरीरातल्या अँटिबॉडीज हे हिमॅग्लुटिनिन ओळखून ठेवतात. सोसायटीचा वॉचमन कसा, 'तो लाल शर्टवाला आला तर आत सोडायचा नाही' हे लक्षात ठेवतो, अगदी तसं.

आणि व्हायरस शर्टच बदलतो! एका चुकीनं शर्टाचं एक बटण बदलतं, दुसरीनं कॉलर. दोन-चार वर्षांत वॉचमन गोंधळतो, 'हा तोच का?' आणि हा आत. याला म्हणतात अँटिजेनिक ड्रिफ्ट.

यात एक बारकावा आहे. व्हायरसच्या जनुकांत बदल तर रोज साचत असतात. तो जनुकीय बदल. त्यातला प्रत्येक बदल शर्टापर्यंत पोचत नाही. कधी नुसतीच बुटाची नाडी बदलते, वॉचमनला काही फरक पडत नाही. त्यातही नशिबाचा मोठा भाग. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना लाखो व्हायरसपैकी अगदी मोजकेच पुढच्या माणसात तग धरतात, बऱ्याचदा एखाद-दुसराच. म्हणजे एखाद्या गावात त्या वर्षी फ्लूची कुठली आवृत्ती पसरणार, हे पुष्कळदा कोण कुठल्या बसमध्ये कुणाशेजारी बसलं यावर ठरतं! मात्र ती आवृत्ती वॉचमनला चुकवणारी निघाली, तर मग नशीब संपलं आणि साथ सुरू झाली.

आणि अण्णांच्या गोवराचं काय? गोवराचा व्हायरससुद्धा कॉपी काढताना चुका करतो. पण त्याच्या बाहेरच्या प्रथिनाला असे बदल सहसा सोसत नाहीत. शर्ट बदलला तर दारच उघडत नाही. म्हणून गोवर बहुधा एकदाच. अण्णांचा नियम बरोबर होता, फक्त आजार चुकला.

८२ वरून थेट ६,१४४

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट विसरता येणं शक्य नाही. ३ ऑगस्टला शहरात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी. शाळा बंद, मॉल बंद, मल्टिप्लेक्स बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, केमिस्टकडे मास्क गायब. कॉलेजला असलेल्या आमच्या पिढीनं मास्क पहिल्यांदा तोंडाला बांधला तो तेव्हा.

तो व्हायरस डुकरांतल्या फ्लूच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन आलेला, एकदम नवा कोरा होता. असा बदल क्वचित होतो, त्याला शिफ्ट म्हणतात. शर्ट नाही, सगळा माणूसच बदलला! १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून शहरात पसरलेला आणि पुढे देशात कोटीच्या घरात बळी घेणारा इन्फ्लुएंझाही असाच सगळ्यांना नवा होता. शिफ्टची हेडलाइन होते. ड्रिफ्टची होत नाही. तो दरवर्षी चुपचाप चालू असतो.

२००९ चा नवा व्हायरस गेला नाही. तो आपल्यातलाच एक सीझनल फ्लू होऊन बसला. आता महाराष्ट्राचे सरकारी आकडे बघा. २०१५ मध्ये एच१एन१ चे ८,५८३ पेशंट, ९०५ मृत्यू. २०१६ मध्ये? फक्त ८२ पेशंट आणि २६ मृत्यू. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि २०१७ मध्ये ६,१४४ पेशंट, ७७८ मृत्यू. त्या वर्षी देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रातले.

मधल्या काळात काय झालं? २००९ पासून जगभरच्या लसीत एच१एन१ चा एकच नमुना वापरला जात होता, 'कॅलिफोर्निया'. ज्या ठिकाणी नमुना सापडतो त्याचं नाव व्हायरसला मिळतं. पुढे व्हायरसच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये १६२ नंबरच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं आणि तिथे साखरेची एक साखळी चिकटायला लागली. अँटिबॉडी बसायची जागा तिनं झाकली. शर्टावर जर्किन घातल्यासारखं! सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'कॅलिफोर्निया' काढून 'मिशिगन' नमुना लसीत घ्यायला सांगितलं. सात वर्षांतला पहिलाच बदल. २०१७ मध्ये पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, आपल्याकडच्या पेशंटमध्येही मिशिगनसारखाच व्हायरस मिळत होता.

हे ओळखतात कसं, तेही भन्नाट आहे. फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे, त्याला माणसासारखाच फ्लू होतो. त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडीज नव्या व्हायरसला अडवतात का, हे लॅबमध्ये तपासतात. मिशिगनच्या वेळी फेरेटच्या अँटिबॉडीजना फारसा फरक जाणवलाच नाही. काही मोठ्या माणसांच्या अँटिबॉडीजना मात्र नवा व्हायरस नीट ओळखता येत नव्हता. म्हणजे फेरेटचा वॉचमन पास आणि माणसांचा नापास!

उलटंही होतं. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी भारतातल्या व्हायरसच्या जनुकीय नोंदी पाहून म्हटलं की, यात चिंता वाटावी असे बदल दिसतात. लगेच टीव्हीवर 'म्युटेशन, म्युटेशन' सुरू झालं. सरकारनं आणि एनआयव्हीनं मात्र व्हायरस मोठा बदललेला नाही, असं सांगितलं. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवीन म्युटेशन सापडलं' असा फॉरवर्ड आला, तर आधी एवढंच विचारा: शर्ट बदललाय की नाडी?

२०१७ चं सगळं खापर जर्किनवर फोडता येणार नाही, हेही खरं. जुन्या अँटिबॉडीज वर्षागणिक कमी होत जातात, हवामानाचा हात असतो, गर्दीचा असतो. अण्णांच्या बाबतीत बहुधा सगळंच जुळून आलं. वॉचमनही थकलेला आणि पाहुण्याचा शर्टही नवा. त्यातून पाहुणा शेजारी बसून पुरणपोळी खातोय!

व्हायरसचं तिकीट कोण काढतं?

आता तुमच्या-आमच्या कामाचा मुद्दा. २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. भारतीय संशोधकांचाही त्यात सहभाग होता. २००० ते २०१२ या काळात जगभरातून गोळा केलेल्या साडेनऊ हजारांहून जास्त व्हायरसचे हिमॅग्लुटिनिन त्यात तपासले. दिसलं असं की, फ्लूचा एच३एन२ हा प्रकार सगळ्यांत भराभर शर्ट बदलतो आणि एका ठिकाणी फारसा टिकत नाही. पूर्व आणि आग्नेय आशियातून तो पुन्हा पुन्हा जगभर पसरतो. त्या काळातला एच१एन१ आणि 'बी' प्रकार मात्र हळू बदलतात आणि एखाद्या देशात अनेक सीझन मुक्काम ठोकतात.

असं का? संशोधकांनी मांडलेलं एक कारण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. जो व्हायरस हळू बदलतो, त्याला मोठ्यांच्या अँटिबॉडीज ओळखतात. त्यामुळे तो जास्त करून लहान मुलांना होतो. भराभर बदलणारा मोठ्यांनाही गाठतो. आणि विमानानं लांब लांब कोण फिरतं? मोठी माणसं! क्लायंट व्हिजिट, ऑफसाइट, लाँग वीकेंड. म्हणजे व्हायरसचं तिकीट आपणच काढतो, तेही विंडो सीटचं.

विमानाचं जे जगासाठी, तेच रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं मराठवाड्यासाठी. जिंतूरला विमानतळ सोडा, रेल्वे स्टेशनही नाही. तिथे जे पोचतं ते रस्त्यानं पोचतं. बाजारातला माल, सिनेमातल्या फॅशन आणि पुण्याचा फ्लू.

त्यात टायमिंग बघा. फ्लू म्हणजे थंडीतला आजार, हे आपण युरोप-अमेरिकेकडून ऐकलेलं. काश्मीरमध्ये ते लागू पडतं. पुण्यात आणि महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य सीझन पावसाळा, साधारण जुलै ते सप्टेंबर. नंतर जानेवारी ते मार्चमध्ये कधी कधी एक छोटी लाट. आणि जुलै ते सप्टेंबर म्हणजे? पंढरपूरहून परतलेले वारकरी, राखी, गणपती, महालक्ष्म्या. अख्खा महाराष्ट्र प्रवासात!

मग लसीचा उपयोग काय?

'व्हायरस बदलणारच असेल, तर लस घेऊन काय फायदा बॉस?' हा प्रश्न मी स्वतः डॉक्टरांना विचारला होता. त्यांचं उत्तर असं, 'फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करता ना? मग हेही तसंच समजा.'

जगभरच्या दीडशेच्या आसपास प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासत असतात. आपली एनआयव्ही त्यांच्यापैकी एक. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या सीझनच्या लसीत कुठले शर्ट घ्यायचे ते ठरवते. लस बनायला मग काही महिने लागतात. तेवढ्यात व्हायरस अजून बदलला, तर लसीचा नेम थोडा चुकतो. नेम नीट लागलेल्या वर्षी डॉक्टरकडे जायची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाहीच. पण लस घेतलेल्या माणसाला फ्लू झालाच, तरी आयसीयूपर्यंत जायची शक्यता कमी होते. परभणीच्या त्या कॉरिडॉरमध्ये बारा रात्री काढल्यावर हा आकडा मला अजिबात छोटा वाटत नाही.

कोरोनाच्या काळात जग घरात बसलं, मास्क लावले आणि फ्लू जवळजवळ गायब झाला. 'बी' प्रकारातलं यामागाता नावाचं एक घराणं तर मार्च २०२० नंतर खात्रीनं कुठेच सापडलेलं नाही. तेव्हा त्याला लसीतून वगळा, असा सल्ला जागतिक संघटनेनं २०२३ पासून दिलाय. आपण प्रवास थांबवला तर व्हायरसचाही थांबतो, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

घरी जाण्याआधीची चेकलिस्ट

- लस पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घ्या. असर दिसायला दोन आठवडे लागतात. दरवर्षी घ्यावी लागते, गेल्या वर्षीची चालत नाही. चालू सीझनचीच लस आहे ना, हे डॉक्टरांना विचारा.

- आधी घरच्यांचा नंबर. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं, शुगर, दमा किंवा हार्टचा त्रास असलेले. २०१५ मध्ये राज्य सरकारनं गरोदर बायकांना आणि शुगर-ब्लडप्रेशरच्या पेशंटना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

- ताप, अंगदुखी, खोकला असेल तर तिकीट कॅन्सल. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस आपण फ्लू वाटत असतो. जाणं टळतच नसेल, तर ड्रॉवरमधला मास्क काढा आणि म्हाताऱ्यांपासून लांब बसा.

- घरी कुणाला ताप आला तर 'येऊन गेलाय' ऐकून घेऊ नका. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. अँटिबायोटिकचा व्हायरसवर काही उपयोग नाही.

- धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, गुंगी, किंवा ताप उतरून पुन्हा चढणं. यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

अण्णा आता दर मे महिन्यात इंजेक्शन घेतात आणि कट्ट्यावरच्या मित्रांनाही ओढून नेतात. मास्तर ते मास्तरच. "दरसाल शर्ट बदलतंय ते," असं तिथे शिकवतात म्हणे. उदाहरण माझं, पण क्रेडिट घेतात ते!

मध्ये एका वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. बॅग भरलेली, सीट बुक. तासभर नुसता बसून राहिलो. घरी न जाण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी फोन केला. आई गप्प झाली, तिचा गळा भरून आलेला मला कळला. मग अण्णांनी फोन घेतला. येलदरीत पाणी किती आलंय ते आधी सांगितलं. आणि म्हणाले, "आला नाहीस ते लई बरं केलंस. पुरणपोळी फ्रीजमध्ये ठेवतो. बरा झालास की ये."